सांध्यांभोवतीची दुखणी – भाग ६ : कुशीवर झोपवत नाही

"डाव्या कुशीवर वळलं की जाग येते, डॉक्टर. मग उजवीकडे वळते, तरी दुखतं डावंच." पन्नाशीच्या मावशी सांगतात आणि मांडीच्या बाहेरच्या अंगाला, वरच्या हाडाच्या उंचवट्यावर तळहात ठेवतात. पिशवीत मणक्याचा एमआरआय असतो, त्यात वयोमानाची झीज. मी त्यांना मोजा घालायला सांगतो. सहज घालतात. खुब्याचा सांधाच झिजला असता तर पाय वर घेणं जड गेलं असतं आणि दुखलं असतं बहुतेक जांघेत. मग भिंतीला बोट टेकवून दुखऱ्या पायावर उभं करतो. अर्ध्या मिनिटात चेहरा आक्रसतो. "हेच ते!"

या दुखण्याला वर्षानुवर्षं 'बर्साला सूज' म्हटलं गेलं. बर्सा म्हणजे हाड आणि स्नायू एकमेकांवर घासू नयेत म्हणून असलेली पातळ पिशवी. पण सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये दिसू लागलं, की बहुतेकांत मूळ बिघाड कुल्ल्याच्या स्नायूंच्या कंडरांचा असतो. एका पायावर उभं असताना कंबर दुसरीकडे कलू न देणारे हे स्नायू. त्यांच्या कंडरा त्या उंचवट्यावर चिकटलेल्या असतात आणि मांडी आतल्या बाजूला गेली की वरचा जाड पट्टा त्यांना हाडावर दाबतो.

हे 'मांडी आत जाणं' दिवसभर चालू असतं. पायावर पाय टाकून बसणं, ओट्याशी एका पायावर भार देऊन उभं राहणं, नातवाला कडेवर घेऊन कंबर बाहेर काढणं. चांगल्या कुशीवर झोपलं तरी वरचा, दुखरा पाय पुढे घसरतो, म्हणून मावशींना दोन्ही कुशींवर चैन नाही. दोन गुडघ्यांमध्ये जाडसर उशी आणि अंगाखाली घडी घातलेली गोधडी, एवढ्यानेही रात्र बरी जाते. आणि कृपा करून मांडी छातीकडे आडवी ओढून ताण देऊ नका. बरं वाटतं म्हणून लोक ते करत राहतात आणि दबलेली कंडरा आणखी दाबतात.

इंजेक्शनचं काय? ऑस्ट्रेलियातल्या 204 रुग्णांवरचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. आठ आठवड्यांनी, समजावणी आणि व्यायाम मिळालेल्यांपैकी सुमारे 77 टक्के लोकांनी बरं वाटल्याचं सांगितलं. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांत हे प्रमाण 58 टक्के होतं, नुसतं थांबलेल्यांत 29. म्हणून मी इंजेक्शनने सुरुवात करत नाही. वेदनेने झोपच उडाली असेल तर देतो, पण व्यायामाच्या जोडीने.

व्यायाम साधा आहे, चिकाटी मात्र हवी. पाठीवर झोपून गुडघे वाकवा, मांड्यांभोवती ओढणी बांधा आणि पाय न हलवता तिला हळूच बाहेर रेटा. पुढे कंबर उचलणं, मग पायरी चढणं. थोडं दुखलं तर चालेल, पण रात्री किंवा दुसऱ्या सकाळी वाढलेलं असेल तर मात्रा कमी करा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. कंडरा पुरती फाटून चाल लचकू लागली असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार.

पडल्यानंतर पाय टेकवत नसेल, ताप असेल किंवा वजन उतरत असेल, तर यातलं काहीही करत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पुढच्या आठवड्यात बसायच्या हाडाखालचा बर्सा. त्याच्या दुखण्याला इंग्रजीत विणकरांचं नाव पडलं आहे.