करुणा, आंकडा आणि साक्ष

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकते. गेल्या महिन्यांत ती बालमजुरीवरील आपला प्रबंध आम्हांस दाखविण्यास आली. पहिल्याच पानावर विटा वाहणाऱ्या एका साश्रुनयन मुलाचें छायाचित्र होतें व त्याखालीं एक भला मोठा आंकडा. तिनें विचारलें, “आजोबा, आमचे अध्यापक म्हणतात, संशोधनांत भावनेला थारा नसावा. मग हें चित्र काढून टाकूं का?” त्या वेळीं आम्हांस नीटसें उत्तर सुचलें नाहीं. तें येथें देत आहों. कारण असले लेख आपणां सर्वांच्याच वाचनांत येतात व ते वाचून आपण कांहीं ठरवीत असतों.

दुसऱ्याचें मन वळविण्याचीं तीन साधनें ग्रीक पंडित ॲरिस्टॉटल यानें सांगितलीं आहेत: वक्त्याची विश्वसनीयता, श्रोत्याची भावना आणि युक्तिवाद. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर आप्तत्व, रस आणि हेतु. बालमजुरीवरील लेखांत हीं तिन्ही असावयाचींच. प्रश्न इतकाच, कीं तीं एकमेकांस आधार देतात कीं एकमेकांचें उणें झांकतात.

एक जुनें उदाहरण घेऊं. १८३८ सालीं इंग्लंडांत यॉर्कशायरमधील हस्कर येथील कोळशाच्या खाणींत अकस्मात् पाणी शिरून २६ मुलें बुडून मेलीं. पुढें १८४० सालीं लॉर्ड ॲशली यांच्या आग्रहावरून मुलांच्या कामाची चौकशी करण्यास आयोग नेमण्यांत आला व त्याचा खाणींविषयींचा अहवाल १८४२ सालीं प्रसिद्ध झाला. कमरेस पट्टा व साखळी बांधून कोळशाच्या गाड्या ओढीत नेणाऱ्या मुलांचीं चित्रें त्यांत होतीं. मुलांच्या साक्षीहि होत्या. हवेचें दार उघडण्यासाठीं खाणींत बसून राहणाऱ्या आठ वर्षांच्या एका मुलीनें सांगितलें, कीं ह्या कामानें ती थकत नाहीं. पण दिवा नसतो म्हणून भीति वाटते. उजेड असला म्हणजे ती कधीं गाते. अंधारांत गाण्याचें धैर्य होत नाहीं.

ह्या साक्षींत करुणरस आहे, पण तो लेखकानें ओतलेला नाहीं. आपण थकत नाहीं असें मुलगी आपण होऊन सांगते, म्हणूनच तिच्या भीतीवर आपला विश्वास बसतो. एखाद्या भावनाविवश लेखकानें तें पहिलें वाक्य गाळलें असतें आणि साक्षीचें निम्में बळ घालविलें असतें. खाणमालकांच्या बाजूनें लॉर्ड लंडनडेरी यांनीं विरोध केला. तरी त्याच वर्षीं कायदा होऊन स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालील मुलगे यांस जमिनीखालीं कामास लावण्याची मनाई झाली.

याच्या उलट प्रकार दहा वर्षांपूर्वीं घडला होता. गिरण्यांतील मुलांविषयीं १८३२ सालीं सॅडलर समितीनें मजुरांच्या बाजूच्या साक्षी घेतल्या. परंतु मालकांचें म्हणणें ऐकण्यापूर्वींच तिचें काम आटोपलें. एकांगीपणाचा आक्षेप आला व १८३३ सालीं दुसरा आयोग नेमावा लागला. दुःख खोटें नव्हतें. आप्तत्वास मात्र उणेपणा आला.

आतां आंकड्यांविषयीं. भारताच्या २०११ च्या जनगणनेप्रमाणें ५ ते १४ वर्षांचीं काम करणारीं मुलें किती? कोणी सुमारें ४३.५ लाख सांगतो, कोणी सुमारें १ कोटि १ लाख. दोघेहि खरें बोलतात. पहिल्या आंकड्यांत वर्षांतून सहा महिने वा अधिक काम करणारींच मुलें आहेत. दुसऱ्यांत त्याहून कमी काळ राबणारींहि आहेत. स्वतःच्या घरीं पाणी भरून धाकटीं भावंडें सांभाळणारी मुलगी दोहोंतहि नाहीं. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना व युनिसेफ यांचा २०२४ सालचा अंदाज जगभरांत १३.८ कोटींचा आहे. पण तो ५ ते १७ वयोगटाचा. व्याख्या न देतां असे आंकडे शेजारीं मांडणें म्हणजे शेरानें मापलेलें दूध व गजानें मापलेलें कापड यांची तुलना करणें होय. तो हेतु नव्हे, हेत्वाभास.

येथें एक कबुली दिली पाहिजे. आमच्या बालपणीं घरीं वरकामास दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा होता. आम्ही ओसरीवर शब्दरूपें घोकीत असूं. तो अंगणांत भांडीं घाशीत असे. एके दिवशीं आम्ही अडखळलों, तेव्हां पुढचें रूप त्यानें भांडीं घासतां घासतांच सांगितलें. सारे कौतुकानें हंसले. त्याला शाळेंत घालावें, असें कोणाच्याहि मनांत आलें नाहीं. “येथें त्याच्या पोटाची तरी सोय आहे,” असें घरांत म्हणत. हेंहि मन वळविणेंच होतें. आणि वळलें होतें आमचें स्वतःचेंच मन. चौदा वर्षांखालील मुलांस घरकामास ठेवण्याची कायद्यानें बंदी झाली ती १० ऑक्टोबर २००६ रोजीं.

म्हणून त्या मुलीस आमचें सांगणें असें, कीं चित्र काढूं नये. तें कोठलें व केव्हांचें हें लिहावें. आंकड्याची व्याख्या द्यावी. आणि “पोटाची सोय” म्हणणाऱ्यांचा पक्ष प्रामाणिकपणें मांडून मग त्याचें खंडन करावें. ती रविवारीं प्रबंध नेण्यास येईल. चित्राच्या समासांत आम्ही एवढेंच लिहून ठेवलें आहे: “नांव नको, पण ह्याचें वय काय आणि हा शाळेंत जातो काय, तें शोधून लिही.”