मूळ वही न बदलता पाने वेगळी काढण्याची कला

पंधरा-वीस वर्षांपूर्वी हौसेने घेतलेला व्हिडिओ कॅमेरा आज अनेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात पडून आहे. त्याची कार्डे मात्र रिकामी नाहीत. कुणाच्या दीक्षेचा वरघोडा, कुणाचे तपाचे पारणे, मंदिरातील प्रतिष्ठा महोत्सव आणि आज आपल्यात नसलेल्या वडीलधाऱ्यांचा आवाज त्यांत साठलेला आहे. त्यातील हवा तेवढा भाग काढून मुलाबाळांना द्यावा, असे अनेकांना वाटते. त्यासाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे, याविषयी स्वानुभवाचे चार शब्द.

२०११ साली आमच्या मातोश्रींचे वर्षीतपाचे पारणे हस्तिनापूर येथे झाले. चित्रणाची दोन कार्डे भरली. पहिले कार्ड आम्ही एका स्टुडिओकडे दिले. त्यांनी सुबक डीव्हीडी करून दिली आणि कार्ड पुसून परत केले. नातवाच्या हातून इक्षुरस घेणाऱ्या आईंचा चेहरा त्या डीव्हीडीत धूसर दिसतो. कॅमेऱ्याचे चित्र १९२० × १०८० बिंदूंचे होते, तर आपल्याकडील डीव्हीडीचे ७२० × ५७६ बिंदूंचे असते. म्हणजे तपशील पाचपटीने घटला आणि मूळ कायमचे गेले. दुसरे कार्ड घरीच राहिले, म्हणून वाचले.

सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ मध्ये एव्हीसीएचडी ही पद्धत आणली. त्या काळच्या पुष्कळ घरगुती कॅमेऱ्यांतील एमटीएस फाइली याच पद्धतीच्या. तिचे मर्म व्यापारी कुटुंबाला चटकन कळावे असे आहे. वहीत पानाच्या आरंभी शिल्लक लिहिलेली असते आणि पुढे फक्त जमा-नावे नोंदी येतात. चित्रणातही एक चौकट संपूर्ण लिहिलेली असते, तिला कीफ्रेम म्हणतात. तिच्यापुढील चौकटींत केवळ झालेला फरक नोंदवलेला असतो. या कॅमेऱ्यांत साधारण अर्ध्या सेकंदाला अशी एक पूर्ण चौकट येते.

यावरून कापण्याच्या दोन रीती संभवतात. पहिलीत संपूर्ण वही नव्याने उतरवून काढायची आणि उतरवताना प्रत्येक रक्कम थोडी थोडी पूर्णांकात आणायची. याला री-एन्कोडिंग म्हणतात. त्यात वेळ जातो आणि दर खेपेस चित्राची प्रत थोडी उतरते. दुसऱ्या रीतीत हवी ती पाने जशीच्या तशी वेगळी काढायची. यात चित्राचा एक कणही बदलत नाही आणि तासाभराची फाइलही बहुधा काही मिनिटांत हातावेगळी होते. अट एकच, सुरुवात आरंभीची शिल्लक असलेल्या पानापासून, म्हणजे कीफ्रेमपासून व्हावी. मधूनच कापल्यास प्रारंभीचे चित्र फुटते किंवा गोठते.

घरगुती कामासाठी लॉसलेसकट हे मोफत सॉफ्टवेअर मला सर्वांत सोपे वाटले. फाइल खिडकीत ओढून टाकावी. इंग्रजी आय कळीने आरंभ आणि ओ कळीने शेवट ठरवावा, मग निर्यात करावी. कीफ्रेमवर कापण्याचा पर्याय चालू ठेवावा. एमटीएस फाइलचे पूर्वदर्शन येथे कधी अंधुक दिसते, त्यावरून फाइल बिघडली असे समजू नये. दुसरे मोफत साधन अ‍ॅव्हिडेमक्स. त्यात चित्र आणि ध्वनी या दोन्ही ठिकाणी ‘कॉपी’ हा पर्याय निवडावा. वरच्या-खालच्या बाणांच्या कळांनी एका कीफ्रेमवरून दुसरीवर जाता येते. अचूक त्याच चौकटीवर कापणे आवश्यक असेल, तर ‘स्मार्ट रेंडरिंग’ करणारे सॉफ्टवेअर घ्यावे. टीएमपीजीएन्क स्मार्ट रेंडरर हे त्यातील एक, परंतु ते विकत घ्यावे लागते. ते फक्त कापाजवळच्या थोड्या चौकटी नव्याने लिहिते, बाकी सर्व तसेच ठेवते.

नावे, पार्श्वसंगीत वा रंगसुधारणा हवी असेल, तर चित्र नव्याने लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. ते काम प्रतीवर करावे, मुळावर नव्हे.

आता थोडी सावधगिरी. कापण्यापूर्वी एकेक फाइल न उचलता संपूर्ण कार्डच संगणकावर उतरवावे. लांब चित्रण कॅमेरा २ किंवा ४ जीबीच्या तुकड्यांत साठवतो, ते तुकडे आधी क्रमाने जोडावेत. लॉसलेसकटमध्ये तीही सोय आहे. जोडाच्या जागी आवाज तुटत नाही ना, हे कान देऊन ऐकावे. सेकंदाला २४ मेगाबिट या दराने तासाभराचे चित्रण सुमारे ११ जीबी होते, त्या हिशेबाने जागा ठेवावी. मूळ चित्रण दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन घरांत ठेवावे. काम बाहेर द्यायचे असल्यास कार्ड न देता प्रत द्यावी. बँकेतील नोकरीत मूळ व्हाउचर मी कधी हातावेगळे केले नाही. घरच्या ठेव्याबाबत मात्र तो नियम विसरलो.

दुसऱ्या कार्डावरील तीन तासांतून मी अकरा मिनिटे वेगळी काढली. पारण्यानंतर आईंनी साऱ्या कुटुंबाला सांगितलेले चार शब्द त्यांत आहेत. कीफ्रेमच्या नियमामुळे अर्धा सेकंद आधीचा भागही आला. त्यात बोलण्यापूर्वी आई चष्मा सावरताना दिसतात. तो अर्धा सेकंद मी तसाच राहू दिला आहे.

येत्या चातुर्मासात थोडा निवांतपणा मिळाला, तर कपाटातील ती कार्डे अवश्य बाहेर काढावीत. जय जिनेंद्र.