नळातून आलेला मासा

केरळात विहीर उपसताना, कधी पंपानं टाकीत चढवलेल्या पाण्यातून, बादलीत एखादा लालभडक किडा वळवळत येतो. जेमतेम तीन सेंटिमीटर लांब. वाकून नीट पाहिलं तर त्याच्या तोंडाभोवती मिशांच्या चार जोड्या दिसतात, मागे शेपटीचा पर दिसतो. डोळे मात्र नाहीतच. कातडीला रंग नाही, म्हणून आतलं रक्तच बाहेर दिसतं. हा चक्क मासा आहे! होराग्लॅनिस त्याचं नाव, आपल्या ओळखीच्या मांगुराच्या कुळातला. त्याचं अवघं आयुष्य जमिनीखालच्या अंधाऱ्या पाण्यात जातं.

त्याचं घर म्हणजे जांभा. मलप्पुरम जिल्ह्यातल्या अंगडिपुरमला फ्रान्सिस ब्युकानननं 1807 साली या दगडाचं वर्णन केलं आणि त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. कोकणात आपण त्याचेच चिरे काढून घरं बांधतो. जांभा आतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा पोकळ्यांनी भरलेला असतो. पावसाचं पाणी त्यात मुरतं, भेगाभेगांतून झिरपत राहतं, आणि त्या पाण्याबरोबर हे मासेही आतल्या आत फिरत असतात. जगात भूगर्भातल्या माशांच्या अडीचशेहून जास्त जाती माहीत आहेत, पण बहुतेक सापडल्या त्या गुहांमध्ये. गुहेत माणूस निदान बॅटरी घेऊन उतरू शकतो. खडकाच्या भेगेत कोण उतरणार? तिथं ना जाळं टाकता येतं, ना गळ. विहीर एवढीच काय ती खिडकी.

त्यामुळे शोधाची गती फारच मंद होती. पहिली जात 1950 मध्ये ए. जी. के. मेनन यांनी नोंदवली आणि थोर मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांचं नाव या गटाला दिलं. दुसरी जात 2004 मध्ये, तिसरी 2012 मध्ये, तिसरीला डॉ. अब्दुल कलामांचं नाव मिळालं. साठ वर्षांत तीन! कितीही हुशार संशोधक असला तरी लाखो विहिरींवर तो पहारा कसा देणार?

मग कोचीच्या मत्स्य विद्यापीठातले राजीव राघवन आणि त्यांचे सहकारी लोकांकडे गेले. त्यांच्यासोबत पुण्याच्या आयसरमध्ये अनेक वर्षं काम केलेले नीलेश डहाणूकर होते आणि जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संग्रहालयातले राल्फ ब्रिट्झही. सहा वर्षं कार्यशाळा झाल्या, गावकऱ्यांशी गप्पा झाल्या, समाजमाध्यमांवरून विनंत्या गेल्या: विहिरीतून असं काही आलं तर फेकू नका, आम्हाला कळवा. लोकांनी कळवलं. होराग्लॅनिसची 47 नवी ठिकाणं समजली, 65 नवे जनुकीय क्रम हाती आले.

पुढचा भाग मला सर्वांत थरारक वाटतो. हे मासे शेजारी शेजारी ठेवले तर त्यांच्यातला फरक डोळ्यांना जवळजवळ कळतच नाही. पण ऊतीचा छोटासा तुकडा घेऊन डीएनए वाचला, की अक्षरांची रांग वेगळीच बोलू लागते. बाहेरून एकसारखे दिसणारे हे जीव आतून फार पूर्वीच एकमेकांपासून दुरावले होते. अंधारात, सारख्याच परिस्थितीत राहताना रूप जवळपास तसंच राहिलं, जनुकं मात्र बदलत गेली. अशी चौथी जात 2023 मध्ये जाहीर झाली. नाव होराग्लॅनिस पॉप्युलाय, म्हणजे लोकांचा होराग्लॅनिस. ज्यांनी बादलीत पाहून फोन केला, त्यांचा हा मान आहे आणि तो रास्तच आहे.

असंच 2018 च्या महापुरानंतर मलप्पुरमच्या एका भातखाचरात मरळीसारखा लांबट मासा दिसला. कुणीतरी फोटो समाजमाध्यमावर टाकला. तो अभ्यासकांच्या नजरेस पडला आणि 2019 मध्ये एनिग्माचना गॉलम ही नवी जात जगापुढे आली. पुढच्याच वर्षी कळलं, की हा मरळींचा नुसता भाऊबंद नाही. त्याच्यासाठी वेगळं कुळच मांडावं लागलं, गोंडवन भूमीच्या काळापर्यंत मुळं पोचणारं. त्याच 2019 मध्ये कोळिकोडच्या एका विहिरीतून पॅन्जिओ भुजिया आला: शेवेच्या काडीएवढा, पाठीवर पर नसलेला.

माशांच्या अभ्यासाची ताकद वाढवायची म्हणजे यंत्रं घ्यायची, असं आपल्याकडे सहज धरलं जातं. यंत्रं हवीतच. पण इथं खरी साखळी माणसांची आहे. विहिरीवर नजर असलेली गृहिणी, नमुना स्पिरिटमध्ये नीट ठेवायला शिकलेला विद्यार्थी, जनुकं वाचणारी प्रयोगशाळा आणि जुने नमुने जपून ठेवणारं संग्रहालय. यातली एक कडी निसटली, तर तो मासा बादलीतून मोरीत जातो आणि जात जगाला माहीत होण्याआधीच हरवते. भूजलाचा बेसुमार उपसा आणि जांभ्याच्या खाणी या माशांचं घर पोखरत असताना, हे हरवणं आपल्याला परवडणारं नाही.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातही जांभा आहे आणि त्यात खोदलेल्या विहिरी आहेत. तुमच्या विहिरीतून एखादा लाल किंवा फिकट, बिनडोळ्यांचा जीव वर आला तर त्याला ब्लीचिंग पावडरपासून दूर, विहिरीच्याच पाण्यात ठेवा. फोटो काढा. जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा पुण्यात आकुर्डीला असलेल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्राला कळवा.