दोन मतांचा मतदारसंघ

डिलाईल रोड, वरळी, नायगावच्या चाळी सोडून नालासोपारा-विरारला राहायला आलेली आपली घरे पुष्कळ. या घरांतील आजी-आजोबांनी लोकसभेसाठी एकाच दिवशी दोन मते दिली होती, हे नातवंडांना सांगून पटत नाही. पण ते खरे आहे.

1952 च्या पहिल्या निवडणुकीत ‘मुंबई शहर उत्तर’ हा द्विसदस्य मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी. मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. त्या दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत पडल्या की एक बाद! यालाच आपले लोक ‘मत कुजवणे’ म्हणत.

राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे साक्षात बाबासाहेब उभे होते. जोडीला समाजवादी पक्षाचे अशोक मेहता. बाबासाहेबांना 1,23,576 मते पडली, तर काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे 1,38,000 मते घेऊन निवडून आले. घटनेचा शिल्पकार गिरणगावात पडला! जागा राखीव खरी, पण निकाल सगळ्या मतदारांच्या हाती, हे त्या दिवशी आपल्याला कळले. कम्युनिस्ट नेते डांगे यांनी मते कुजवण्याचा प्रचार केला, असा आरोप बाबासाहेब व मेहता यांनी निवडणूक याचिकेत केला. याचिका फेटाळली गेली.

1954 मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. तीही दोन मतांचीच. दुसरे मत कुजवा म्हणजे बाबासाहेब नक्की येतील, असे कार्यकर्ते म्हणत होते. बाबासाहेबांनी साफ नकार दिला. मेहता निवडून आले, बाबासाहेब पुन्हा पडले.

1957 साली हद्दी बदलल्या आणि ‘मुंबई शहर मध्य’ हा नवा द्विसदस्य मतदारसंघ झाला. संयुक्त महाराष्ट्राचे वारे होते. फेडरेशन आणि कम्युनिस्ट एकाच समितीत! सर्वसाधारण जागेवर तेच डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गो. का. माने, दोघेही जिंकले. पाच वर्षांपूर्वीचा राग गिळून आपल्या माणसांनी डांग्यांच्या पेटीत मत टाकले, ही गोष्ट लहान नव्हे. बाबासाहेब मात्र 6 डिसेंबर 1956 लाच गेले होते.

हा मतदारसंघ एकाच निवडणुकीपुरता टिकला. 1961 च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ बंद झाले आणि 1962 ला मतदाराच्या हाती एकच मत उरले. त्या वर्षी काजरोळकर पुन्हा लोकसभेत गेले.