पाण्यातला वेग (भाग ४) : ओहोटीची कमाई वजा करा

मागच्या भागात श्वासाचं पाहिलं. आज घड्याळाचं पाहू.

धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हे सुमारे ३६ किलोमीटर पोहायचं मनात घेतलं, की पहिला प्रश्न येतो : किती तास लागतील? त्याचं अर्धं उत्तर पाण्याच्या हाती असतं. धरमतरची खाडी म्हणजे अंबा नदीचं मुख. ओहोटी तुम्हाला बाहेर ओढते, पण ती साधारण सहा तासांची. तेवढ्यात खाडी मागे पडली नाही, तर भरती तोंडावर येते. हात तितकेच चालतात, किनारा मात्र हलत नाही. म्हणून ओहोटीची कमाई वजा जाता स्वतःचा वेग किती, हे आधी कळायला हवं.

तो तलावात मोजा. पूर्ण दमाने ४०० मीटर पोहा, भरपूर विश्रांती घेऊन २०० मीटर. समजा ८ मिनिटं आणि ३ मिनिटं ५० सेकंद लागले. फरक २५० सेकंदांचा. त्याचा निम्मा, १२५ सेकंद, हा तुमचा शंभर मीटरचा टिकाऊ वेग. आठवड्यातून एकदा त्याच वेगाने शंभराचे दहा सेट मारा, मध्ये वीस सेकंद थांबा. दहावाही पहिल्याइतक्याच वेळात झाला, तरच वेळ दोन सेकंदांनी खाली आणा.

नुसत्या ताकदीवर वेग वाढवणं महाग पडतं. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, लागणारी शक्ती घनाने. दहा टक्के वेगासाठी सुमारे तेहतीस टक्के जास्त शक्ती! चाळिशीनंतर ती आणायची कुठून? त्यापेक्षा विरोध कमी करा. नजर तळाकडे, कंबर वर, पाणी मागे ढकलताना कोपर उंच. पंचवीस मीटरचे हात मोजा. वेळ तोच राहून दोन हात कमी झाले, तर शरीर पाण्यात नीट बसलं.

वरसोलीला किनाऱ्याला समांतर सराव करताना अनेकजण म्हणतात, ‘जाऊन-येऊन प्रवाह फिटतो.’ फिटत नाही. तुमचा वेग ताशी ३ किलोमीटर, प्रवाह १. एक किलोमीटर विरुद्ध जायला ३० मिनिटं, परतायला १५, एकूण ४५. स्थिर पाण्यात ४० लागली असती. उलट्या प्रवाहात तुम्ही जास्त वेळ असता, म्हणून तोटाच.

समुद्रात वेळ लावायचीच, तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत लावा. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण टाळा. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती पूर्ण. तेव्हा पाणी थोडा वेळ थबकतं. चाचणी तेव्हाच उरका. सोबत होडी आणि पोहता येणारा माणूस हवाच.

पुढच्या भागात : लाटांमध्ये दिशा कशी धरायची.