कमी वापर, महाग युनिट : बिलातल्या ‘स्थिर आकारा’चा हिशेब

विजेचं बिल हाती आलं की आपल्या घरांत दोनच गोष्टी पाहिल्या जातात. रक्कम किती आणि भरायची शेवटची तारीख कोणती. या दोन्हींच्या मधल्या बारीक अक्षरांत ‘स्थिर आकार’ अशी एक ओळ असते. ज्या घरात वीज भरपूर जळते, त्यांना ती जाणवतही नाही. एक पंखा आणि दोन दिवे एवढ्यावर चालणाऱ्या घराचं मात्र अर्धं बिल त्या एका ओळीनेच भरतं.

आम्ही जालना तालुक्यातल्या शाळेत शिकवतो. शेकडेवारीचा धडा आला की आठवीच्या मुलांना घरचं बिल आणायला सांगतो, कारण पुस्तकातला नफा-तोटा त्यांना कधी आपला वाटत नाही. 2024-25 चे दर तेव्हा लागू होते. 100 युनिटपर्यंत वीज आकार 4 रुपये 71 पैसे, वहन आकार 1 रुपया 17 पैसे. म्हणजे युनिटला 5 रुपये 88 पैसे. सिंगल फेज घराचा स्थिर आकार महिन्याला 128 रुपये. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो, म्हणून तो आम्ही बाजूला ठेवला.

दोन बिलं फळ्यावर मांडली. एका घराचा वापर 95 युनिट, बिल 796 रुपये. दुसऱ्या घराचा 18 युनिट, बिल 271 रुपये. आता एक युनिट कितीला पडलं ते काढा, असं सांगितलं. पहिल्या घराला 8 रुपये 38 पैसे आणि दुसऱ्याला 15 रुपये 7 पैसे. दुसरं बिल ज्या मुलीचं होतं तिने दोनदा भागाकार केला. मग म्हणाली, “पण आमची अम्मी तर दुपारी पंखासुद्धा बंद ठेवते!” वर्ग हसला. आम्हाला मात्र हसू आलं नाही. मुलांना आपण इस्राफ करू नका, दिवा विनाकारण जळता ठेवू नका असं शिकवतो, आणि हिशेब असा निघतो की जो जितकं जपून वापरतो, त्याला प्रत्येक युनिट तितकं महाग.

हा आकार बेकायदा नाही, हे आधी सांगायला हवं. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 45 मध्ये प्रत्यक्ष वापरलेल्या विजेच्या किमतीशिवाय स्थिर आकार घेण्याची मुभा आहे, आणि दर ठरवतो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग. त्यामागचं कारणही अगदीच पोकळ नाही. तुम्ही बटण दाबा न दाबा, खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर, मीटर आणि लाईनमन यांचा खर्च चालूच राहतो. वीजनिर्मिती केंद्रांनाही क्षमता राखून ठेवल्याबद्दल ठरावीक पैसे मोजावे लागतात, वीज उचलली नाही तरी. शिवाय पहिल्या 100 युनिटांचा दर वरच्या टप्प्यांपेक्षा बराच कमी ठेवलेला आहे. लहान ग्राहकाला सवलत मिळतच नाही, असं म्हणणं खोटं ठरेल.

आमचा प्रश्न वेगळा आहे. खर्च वाटून घ्यायचा तर सर्वांच्या माथी सारखा का? 2024-25 मध्ये सिंगल फेजवर एसी, गिझर, फ्रिज चालवणाऱ्या घरालाही 128 होते आणि पत्र्याच्या एका खोलीलाही 128. 2019-20 मध्ये हाच आकार 90 रुपये होता. पाच वर्षांत 38 रुपये वाढला. आणि आपल्याच जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत जाऊन पाहा. लोखंडी सळया तयार करणाऱ्या कारखान्यांना जो मागणी आकार लागतो, तो त्यांनी किती केव्हीए मागणी राखली आहे त्यावर मोजतात. मोठी भट्टी, मोठा आकार. भट्टीला जो न्याय लागतो तो पंख्याला का लागू नये? शेजारच्या गुजरातेत सरकारी वितरण कंपन्यांकडे 2 किलोवॅटपर्यंत मंजूर भार असलेल्या घराला महिन्याला 15 रुपये स्थिर आकार असतो, 2 ते 4 किलोवॅटला 25, आणि पुढे भाराप्रमाणे वाढत जातो. दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग जाहीर नोटीस देऊन हरकती मागवतो. तिथे मांडण्यासारखी मागणी हीच आहे : स्थिर आकार मंजूर भाराप्रमाणे ठरवा. दरवाढ नको एवढंच लिहिलेल्या शंभर अर्जांपेक्षा असा एक अर्ज आम्हाला जास्त कामाचा वाटतो.

आता कुणी म्हणेल, गरिबांसाठी वेगळी श्रेणी आहे ना? आहे. तिला बीपीएल म्हणतात, पण ती पिवळ्या रेशनकार्डावरून मिळत नाही. मंजूर भार पाव किलोवॅटपर्यंत आणि वर्षाचा वापर 360 युनिटपर्यंत, म्हणजे दिवसाला सुमारे एक युनिट, अशी अट आहे. 75 वॅटचा पंखा दहा तास फिरला की पाऊण युनिट संपलं. उरलेल्या पाव युनिटात दिवे आणि मोबाईल. जालन्याचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला पुढचं सांगायला नको. घरात बाळंतीण आहे, म्हातारी माणसं आहेत, म्हणून कुणी जुना कूलर लावला की वर्षअखेरीस 360 चा आकडा ओलांडला जातो आणि घर नेहमीच्या घरगुती श्रेणीत जातं. तिथून परतीची वाट जवळपास नाहीच. म्हणून ज्यांच्या बिलावर आज बीपीएल श्रेणी आहे, त्यांनी मार्च संपण्याआधी वर्षभराच्या युनिटांची बेरीज एकदा करून पाहावी.

एका अंगणात दोन भाऊ वेगळे झाले की दुसऱ्या मीटरचा विषय निघतो. त्यात भावकीचा मान असतो, हिशेब क्वचितच. वरच्याच दरांनी आम्ही तो मांडून पाहिला. 100 युनिटांपुढे दर 11 रुपये 46 पैसे होतो. दोघांचा मिळून वापर सुमारे 123 युनिटांपर्यंत असेल तर एकच मीटर स्वस्त, कारण एक स्थिर आकार वाचतो. त्यापुढे दोन मीटर परवडतात. दोघे प्रत्येकी 100 युनिट वापरत असतील तर वेगळ्या मीटरमुळे शुल्क धरून महिन्याला जवळपास 500 रुपये वाचतात. दोघांचे 40-40 च असतील तर उलट 148 रुपये जास्त जातात. भाभींनी आपसात बिलं समोरासमोर ठेवावीत आणि मगच अर्ज करावा.

सर्वांत जास्त वाईट वाटतं ते कुलूपबंद घरांचं. अंबड, घनसावंगी, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीला, आणि आपल्यातले पुष्कळ जण पुण्या-मुंबईकडे बांधकामावर, सहा-सहा महिने जातात. वापर शून्य, तरी 2024-25 च्या दरांनी 128 आणि त्यावरचं शुल्क मिळून दरमहा 148 रुपये. सहा महिन्यांचे 891 रुपये होतात. ते थकले की विलंब आकार आणि व्याज चढतं, 15 दिवसांची नोटीस निघते आणि माणसं परततात तेव्हा घरात अंधार असतो. मीटर कायमचं काढून घेतलं तर आकार थांबतो, पण नव्याने जोडणी घेण्याचा खर्च आणि खेपा पाहता सहा महिन्यांसाठी ते परवडत नाही. त्यापेक्षा मुकादमाकडून उचल मिळते तेव्हाच सातशे-नऊशे रुपये बिलात आगाऊ भरून ठेवावेत. ती रक्कम पुढच्या बिलांतून वळती होत राहते. मीटर घराच्या आत असेल तर आणखी एक काम आहे. रीडिंग घेणाऱ्याला कुलूप दिसलं की सरासरीचं बिल येतं, म्हणून निघताना मीटरच्या आकड्याचा मोबाईलवर फोटो काढावा आणि किल्ली गावात राहणाऱ्या दादी-नानीजवळ ठेवावी.