सूर्यफुलावर सापडलेला भुंगेरा

जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर गवत जागृती सप्ताह होतो. चार रोपं उपटली जातात, फोटो निघतात, आणि दिवाळीपर्यंत माळ पुन्हा पांढरा!

या तणाची आधुनिक शास्त्रीय नोंद १९५६ साली आर. एस. राव यांनी केली, तीही पुण्यातून. अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदत योजनेतल्या गव्हातून ते आलं, असं सगळेच ठासून सांगतात. पण भारताने त्या योजनेच्या करारावर सही केली ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि पुण्यात रोपं त्याआधीच उगवली होती. आरोप लोकप्रिय आहे खरा, पण तारीख जुळत नाही.

तण उपटून संपेना, तेव्हा त्याच्या माहेरचा शत्रू आणायचं ठरलं. मेक्सिकोतला झायगोग्रामा हा भुंगेरा पिकांवर तपासून १९८४ मध्ये बंगळूरला सोडण्यात आला. त्याने पावसाळ्यात गाजर गवताची चाळण केली. काही वर्षांनी मात्र तो कर्नाटकात सूर्यफुलाची पानं कुरतडताना सापडला. सूर्यफूल आणि गाजर गवत एकाच कुळातले, त्यामुळे शेतकऱ्यांचं धाबं दणाणलं. भुंगेरे सोडणं थांबलं, सरकारने समिती नेमली.

खरी गंमत पुढेच आहे. १९९३ मध्ये के. पी. जयंत आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की शेजारच्या गाजर गवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडत होते आणि भुंगेरा त्या चवीला भुलत होता. पोहे खाताना वरच्या खोबऱ्यासाठी हात पुढे जावा, तसं! सूर्यफूल हे त्याचं नेहमीचं खाणं नव्हतंच.

तरीही थांबून चौकशी केली, हे शहाणपणाचंच होतं. फवारणी उद्या बंद करता येते, सोडलेला कीटक परत बोलावता येत नाही. उसातले भुंगे खाण्यासाठी हवाईहून १९३५ मध्ये आणलेल्या बेडकांनी ऑस्ट्रेलियात भुंगे सोडून भलतंच खाल्लं. आज ते क्वीन्सलँडच्या बाहेरही पसरले आहेत.

झायगोग्रामालाही मर्यादा आहेत. कोरड्या महिन्यांत तो मातीत दडून झोपतो, तण मात्र थोड्या ओलीवरही उगवतं. त्यामुळे बांधावर, परसात, कालव्याकाठी भुंगेऱ्याच्या भरवशावर राहू नका. हातमोजे घाला, नाकाला रुमाल बांधा आणि रोप फुलावर येण्याआधीच मुळासकट उपटा.